सीओपीडीचं निदान झालं, म्हणून माणसाला खुर्चीत बसवून ठेवू नका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका ताईंनी विचारलं आहे. यजमान ६१ वर्षांचे, एजी ऑफिसातून निवृत्त झालेले. सिगरेट होती, ती दहा वर्षांपूर्वी सुटली. गेले दोन हिवाळे खोकला आणि धाप. थंडीचंच असेल म्हणून काढे आणि वाफारे झाले. गेल्या महिन्यात छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची तपासणी केली आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सांगितला. रिपोर्टवर एफईव्ही-वन ५४ टक्के. रोज घ्यायचा एक कॅप्सूलचा पंप आणि धाप लागली तर घ्यायचा एक फवाऱ्याचा, असे दोन पंप लिहून दिले. बसल्या जागी ऑक्सिजन ९४-९५ असतो. घर जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा. निदान कळल्यापासून ते खाली उतरलेलेच नाहीत. ताई पाण्याचा पेलासुद्धा हातात देतात. पुण्याहून मुलगा ऑक्सिजनचं मशीन पाठवतो म्हणतो, दीर म्हणतात पंपाची सवय लागते, शेजारी कपालभाती करायला सांगतात. जानेवारीत पुण्याला नातवाचा पहिला वाढदिवस आहे. जावं की नाही? आणि सगळ्यांत शेवटी, चाचरत विचारलेला प्रश्न: "अर्धीच फुफ्फुसं उरलीत, म्हणजे आता किती वर्षं?"

ताई, मी छातीच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते, आणि कामाची बहुतेक वर्षं यातच गेली आहेत. औषध कोणतं द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. माझ्याकडे माणसं येतात ती औषध सुरू होऊनही जिना चढवत नाही म्हणून. त्यामुळे माझं उत्तर जिन्याच्या बाजूने असणार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं डोक्यात शिरणार नाही. ५४ टक्के म्हणजे फुफ्फुसं ५४ टक्के उरली असं नाही. त्यांच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी पुरुषाने जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडायला हवी, त्याच्या ५४ टक्के पडते, एवढाच त्याचा अर्थ. नळ्या आतून अरुंद झाल्यात, हवा बाहेर पडायला वेळ लागतो. ५० ते ७९ टक्के म्हणजे मध्यम, ३० ते ४९ तीव्र, ३० च्या खाली अतितीव्र. तुम्ही रात्री मोबाइलवर जे वाचत बसता, ते बहुतेक शेवटच्या गटाबद्दल असतं.

आणि हा आकडा एकटा माणसाचं पुढचं सांगत नाही. २००४ साली सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बोड' नावाची मोजणी मांडली. तीत चार गोष्टी धरतात: वजन उंचीच्या मानाने किती, नळ्या किती अरुंद, रोजच्या कामात धाप किती, आणि सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो. या चारांनी मिळून जो अंदाज येतो तो नुसत्या फुंकण्याच्या आकड्यापेक्षा जास्त खरा ठरला. आता बघा, यातली नळ्यांची गोष्ट फारशी बदलता येत नाही. बाकीच्या तिन्ही बदलता येतात. चालण्याच्या कसोटीत ३५० मीटर किंवा जास्त चालणाऱ्याला शून्य गुण, म्हणजे सर्वांत चांगला गट. १४९ मीटर किंवा त्याहून कमी चालणाऱ्याला तीन. जो माणूस महिनाभर दुसऱ्या मजल्यावरून उतरलेला नाही तो कोणत्या दिशेने सरकतोय, ते मी वेगळं सांगायला नको.

किती वर्षं, हे कोणीच सांगू शकत नाही. मात्र त्यांनी सर्वांत मोठं काम दहा वर्षांपूर्वीच करून ठेवलं आहे. लंडनमधल्या नोकरदार पुरुषांचा आठ वर्षं पाठपुरावा करून फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ साली दाखवलं की सिगरेट सोडल्यावर गेलेली ताकद परत येत नसली तरी पुढची घसरण मंदावते, न ओढणाऱ्यासारखी होते. म्हणून सिगरेटवरून टोमणे बंद. घरातले लोक हे प्रेमापोटी करतात हे मला माहीत आहे, पण "तेव्हाच ऐकलं असतंत तर" हे वाक्य ऐकून कोणाचाही दम सुधारलेला मी पाहिला नाही.

आता मुख्य गोष्ट. धाप लागते म्हणून माणूस बसतो. बसला की मांड्यांचे स्नायू झपाट्याने सुकतात. सुकलेला स्नायू थोड्याच कामात थकतो आणि आम्ल तयार करतो, ते निस्तरायला शरीर जास्त श्वास मागतं. म्हणजे काल वीस पायऱ्यांना लागणारी धाप आज दहा पायऱ्यांना लागते. फुफ्फुसं कालची तीच असतात, पाय मात्र कालचे राहिलेले नसतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला, मग ते आणखी जपतात. तुमच्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली ओळ रिपोर्टची नव्हती, पाण्याच्या पेल्याची होती.

ते आळशी झालेत असं मी म्हणत नाही, ते घाबरलेत. धाप लागणं म्हणजे जीव जाणं असं शरीराला वाटतं, आणि तसं वाटायला लागलं की श्वास आणखी उथळ आणि भराभर होतो. या आजारात त्याने फार नुकसान होतं. नळ्या अरुंद असल्यामुळे आतली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घेतला जातो, शिळी हवा आत साठत जाते, छाती फुगते, खालचा श्वासपटल, म्हणजे श्वास ओढणारा मोठा स्नायू, चपटा होतो आणि त्याला हलायला जागाच राहत नाही. रुग्ण म्हणतो, "श्वास आत जात नाहीये." खरं तर बाहेर जात नसतो. हे एकदा त्यांना नीट समजलं की अर्धी भीती कमी होते, कारण मग काय करायचं तेही कळतं: आधी सोडायचा.

सोडायचा कसा? नाकाने दोन मोजेपर्यंत आत, मग ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत बाहेर. जोर करायचा नाही. समोर निरांजन असेल तर ज्योत हलावी, विझू नये, इतकीच फुंकर. ओठ आवळल्यामुळे आत थोडा दाब टिकतो, नळ्या मिटत नाहीत, हवा सावकाश निघून जाते. हे धाप नसताना शिकायचं. दिवसातून चार-पाच वेळा, पेपर वाचताना, टीव्ही बघताना. धाप लागल्यावर पहिल्यांदा करून बघणाऱ्याला ते जमत नाही आणि मग "हे काही उपयोगाचं नाही" म्हणून सोडून देतो. सोबत बसण्याची ढब: खुर्चीवर पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेकवायची, खांदे सैल. उभं असताना धाप लागली तर भिंतीला किंवा कठड्याला हात टेकून तसंच पुढे झुकायचं. पाठीवर आडवं करू नका, आणि भोवती गर्दी करून "काय होतंय, काय होतंय" विचारू नका. धाप लागलेल्या माणसाला उत्तर द्यायला लावणं हा छळ आहे.

आता जिना. लष्करातल्या जुन्या वाड्यांचे जिने मी चढले आहे. पायऱ्या उंच, मध्ये टेकायला जागा नाही, धरायला वरून लोंबणारा दोर. तो दोर झुलतो, आधार देत नाही. सुताराला बोलावून कमरेच्या उंचीवर एका बाजूला लाकडी दांडी ठोकून घ्या. दिवसभराचं काम आहे. खाली दारापाशी आणि वर पोहोचल्यावर एकेक स्टूल ठेवा. चढायची रीत अशी: उभं राहून श्वास आत, मग फुंकर सोडता सोडता दोन पायऱ्या, थांबा. पुन्हा श्वास आत, फुंकर, दोन पायऱ्या. श्वास धरून भराभर चढून टाकायचं आणि वर जाऊन धापा टाकायच्या, ही आपली जन्माची सवय आहे, ती मोडायला आठवडाभर तरी लागतो. दीडपट वेळ लागेल. लागू दे. उतरणं सोपं असतं, पण परत चढायच्या भीतीने माणूस उतरत नाही, म्हणून पहिल्या दिवशी फक्त चार पायऱ्या उतरून परत वर. दुसऱ्या दिवशी सहा. खाली पोहोचायची घाई नाही.

आंघोळीकडे लोकांचं लक्ष जात नाही, आणि माझ्या रुग्णांना जिन्याखालोखाल धाप तिथे लागते. कारणं तीन. खाली वाकून बादलीतून पाणी घेताना पोट दाबलं जातं आणि श्वासपटलाला जागा उरत नाही. तांब्या डोक्यावर न्यायला हात वर जातात, आणि या आजारात मानेखांद्याचे स्नायू श्वास घ्यायला मदत करत असतात. त्यांना दुसरं काम दिलं की श्वासाचं काम अडतं. त्यात दार बंद आणि खोलीभर वाफ. तेव्हा बसायला उंच स्टूल द्या, बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा, दार थोडं उघडं राहू द्या, पाठ चोळायला लांब दांड्याचा ब्रश. अंग टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी मोठा पंचा पांघरून बसलं तरी चालतं. हीच गोष्ट केस विंचरण्याची, कपडे दोरीवर टाकण्याची, बुटाच्या नाड्या बांधण्याची. नाड्यांचे बूट कपाटात ठेवून द्या. पण लक्षात ठेवा, या युक्त्या त्यांनी स्वतः आंघोळ करावी म्हणून आहेत. तुम्ही आंघोळ घालावी म्हणून नाहीत.

व्यायामाचं सांगते. आधी डॉक्टरांना विचारून हृदयाची तपासणी झाली आहे ना ते बघा. सिगरेट ओढलेल्या माणसाच्या फक्त फुफ्फुसांनाच त्रास होतो असं नाही. ते ठीक असेल तर चौकाभोवतीची तुमची गॅलरी टेपने मोजा. फेऱ्यांचा हिशेब करून सहा मिनिटांत किती मीटर होतात ते वहीत लिहा. मध्ये थांबले तरी चालेल, घड्याळ चालू ठेवायचं. आमच्याकडे ही कसोटी ३० मीटरच्या सरळ रस्त्यावर घेतात, त्यामुळे तुमचा आकडा थोडा कमी येईल, पण तुलना स्वतःशीच करायची आहे. धाप शून्य ते दहा अशी मोजायची, शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे असह्य. चालताना ती तीन-चारवर राहिली पाहिजे. म्हणजे एखादं वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. धाप लागली म्हणजे इजा झाली असं नाही. या पातळीची धाप हवीच, तिच्याशिवाय स्नायूला काही शिकायला मिळत नाही. दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, असं करत एकूण दहा मिनिटांपासून सुरुवात, आणि जमेल तसं वीस-तीस मिनिटांपर्यंत. आठवड्यातून पाच दिवस. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर फवाऱ्याचा पंप चालण्याआधी दहा-पंधरा मिनिटं घेतला की बऱ्याच जणांना सोपं जातं. बोटाला ऑक्सिमीटर लावून मध्येच बघा. ८८ च्या खाली गेला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

चालण्याइतकंच महत्त्वाचं, आणि जे कोणी करत नाही, ते म्हणजे पायांची ताकद. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं, उठताना फुंकर. पाचपासून सुरुवात, दिवसातून तीनदा. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून कोपरातून वाकवणं. भिंतीला टेकून टाचा उचलणं. दिसायला पोरखेळ वाटतो. २०१५ साली जगभरातल्या ६५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा अशा नियमित व्यायाम-कार्यक्रमाने सीओपीडीच्या रुग्णांची धाप कमी होते, चालण्याची क्षमता आणि रोजचं जगणं सुधारतं, हे इतकं स्पष्ट दिसलं की तेच पुन्हा तपासायला नव्या चाचण्यांची गरज नाही असं आढावा घेणाऱ्यांनी लिहिलं. फुंकण्याचा आकडा मात्र याने वाढत नाही, हे आधीच सांगते. पुढच्या वर्षी रिपोर्टवर ५४ चे ५३ दिसले तर नाराज होऊ नका; वहीतले मीटर बघा. फरक साधारण सहा ते आठ आठवड्यांत कळतो, आणि सोडून दिलं की काही महिन्यांत जातो.

जवळच्या मोठ्या रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असेलच. पहिल्या दोन-चार वेळा तिथल्या कोणाच्या देखरेखीखाली करून घेतलंत तर त्यांचा विश्वास बसेल. बायकोने सांगितलेला व्यायाम आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलेला व्यायाम यांत फरक असतो, काय करणार!

दिरांच्या पंपाच्या भीतीबद्दल थोडक्यात. पंपाची सवय लागत नाही. चष्मा काढला की दिसत नाही, म्हणून चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. फवाऱ्याच्या पंपातून साल्ब्युटामॉल एका दाबात साधारण १०० मायक्रोग्रॅम मिळतं. त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट. लोक गोळीला साधं समजतात आणि पंपाला जालीम, हे बरोबर उलटं आहे. कॅप्सूलचा पंप बरं वाटत असलं तरी रोज घ्यायचा. तो नळ्या दिवसभर मोकळ्या ठेवण्यासाठी आहे, त्याने पाच मिनिटांत आराम पडत नाही आणि पडावा अशी अपेक्षाही नाही.

मात्र तो नीट घेतला जातोय का, हे आजच बघा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे शिकलेसवरलेले लोक मला भेटले आहेत. पद्धत अशी: उपकरणात कॅप्सूल टाकून फोडायची. मग तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा. हेच बहुतेक लोक विसरतात, आणि भरलेल्या छातीत औषध जाणार कुठे? ओठ घट्ट लावून जोरात, खोल ओढायचं. दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा, निदान जमेल तितका. मग उघडून बघायचं, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायची. उपकरणात फुंकायचं नाही, ओल धरते. फवाऱ्याच्या पंपाचं उलट: हलवायचा, आणि सावकाश ओढायचं. त्याला स्पेसर, म्हणजे पंपापुढे जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावलाच पाहिजे, नाही तर औषध घशात आणि जिभेवर बसतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसल्याने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीला चिकटतं. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंड येत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा. डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका.

ऑक्सिजनचं मशीन मागवू नका. मुलाला म्हणावं, तुझं मन कळतं, पैसे ठेव. घरी कायमचा ऑक्सिजन ज्यांना खरोखर उपयोगी पडतो ते म्हणजे बसल्या जागी ज्यांचा ऑक्सिजन ८८ किंवा त्याखाली राहतो, आणि तोही दिवसातले किमान पंधरा तास घेतला तर. १९८० आणि १९८१ च्या दोन चाचण्यांनी हे सिद्ध केलं. त्याहून थोडा बरा ऑक्सिजन असणाऱ्यांना त्याने फायदा होतो का, हे अमेरिकेत ७३८ रुग्णांवर तपासलं. २०१६ साली निष्कर्ष आला की आयुष्य वाढत नाही, रुग्णालयात जाणं कमी होत नाही, चालणं सुधारत नाही. तुमच्या यजमानांचा ९४ आहे. मशीन घरात आलं की माणूस नळीच्या लांबीइतकाच चालतो, हा माझा अनुभव. शिवाय या आजारात काही जणांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. ते डॉक्टरांनी मोजून द्यायचं औषध आहे. आणि ऑक्सिमीटर सारखा लावू नका. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात गार पडलेल्या बोटावर तो ८६ सुद्धा दाखवतो. हात चोळून, गरम करून, एक मिनिट थांबून मग आकडा वाचा.

कपालभाती आणि भस्त्रिका नको. जोराने हवा बाहेर फेकली की याच आजारात नळ्या मिटतात, आणि वेगाने केलं की हवा साठते. संथ अनुलोम-विलोम कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता केला तर माझी हरकत नाही. श्वास ओढून तीन गोळे वर उचलायचं ते खेळणं करोनाच्या काळात घरोघरी आलं. तुमच्याकडे असेल तर नातवासाठी ठेवा, सीओपीडीत त्याने काही साधत नाही. फुगे फुगवणंही नको. वाफाऱ्याने नाक मोकळं होतं, नळ्या नाही. कफ अडकत असेल तर खोकून खोकून थकण्यापेक्षा, दोन-तीन संथ खोल श्वास घेऊन तोंड उघडं ठेवून 'हा' असा मध्यम जोराचा उच्छ्वास सोडायचा, दोनदा, आणि मग एकच खोकला.

केळी, दही, भात बंद केलं असेल तर पुन्हा सुरू करा. दुधाने कफ होतो याला आधार नाही. उलट, या आजारात वजन उतरणं वाईट. डाळी, उसळी, दही, चालत असेल तर अंडं, हे रोज हवं. फक्त एकदम पोटभर जेवलं की छाती दाटते, म्हणून थोडं थोडं, चार-पाच वेळा.

घरातल्या धुराबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत की आंघोळीचं पाणी अजून चौकातल्या बंबावर, लाकडं जाळून तापतं. तो बंब बंद करा. हिवाळाभर ओल्या लाकडांचा धूर चौकातून वरच्या मजल्यावर चढतो आणि तिथेच कोंडतो. लाकूड-गोवऱ्यांच्या धुराने सिगरेटला कधी हात न लावलेल्या बायकांना हाच आजार होतो, आणि आपल्या देशात अशा बायका खूप आहेत. बंब पेटवणाऱ्या तुम्ही आहात. तुम्हालाही सकाळचा खोकला असेल तर एकदा तुमचीही फुंकायची तपासणी करून घ्या. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपणं तर सगळ्यांच्याच जिवावर बेतू शकतं. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी, उदबत्ती देवापुढे एकच आणि खिडकी उघडून, झाडू मारण्याऐवजी ओला पोछा. मिरचीची फोडणी देताना त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

बाहेरच्या हवेचं आपण दोघी काही करू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत सूक्ष्म धुळीच्या बाबतीत ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होतं. वेळ मात्र आपल्या हातात आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला मफलर बांधून फिरायला जाणारे जे काका दिसतात, त्यांच्या शिस्तीचं मला कौतुक आहे, वेळेचं नाही. तेव्हा धुकं जमिनीलगत असतं, त्यात रात्रीच्या शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर अडकलेला. ऊन पडल्यावर, अकराच्या पुढे, फुलबागेत जा. महाराज बाड्याच्या वाहनांमधून चालू नका. नाकावर रुमाल असला की थंड हवा थोडी गरम होऊन आत जाते. मे-जूनमध्ये उलट, सकाळी लवकर, आणि आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आली की खिडक्या बंद. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्याला जायचं तर कामाच्या दिवशी दुपारी, गर्दी आणि धूळ उसळण्याआधी.

फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून आत्ताच घ्या. या आजारात खरी घसरण होते ती अचानक बळावण्यांमुळे, आणि बहुतेक वेळा सुरुवात साध्या सर्दीने होते. धाप नेहमीपेक्षा वाढली, कफ वाढला, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, यातलं काही दोन दिवस टिकलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू करू नका. एक वाक्य पूर्ण बोलता येईना, ओठ निळसर दिसले, माणूस भलतंच बोलू लागला किंवा गुंगीत गेला, तर १०८ ला फोन. ऑक्सिमीटर शोधत बसू नका.

रात्रीचं आणखी एक. तुम्ही लिहिलंत की ते दोन-तीन वाजता उठून बसतात. उशा वाढवूनही आडवं झालं की धाप लागत असेल किंवा पाय सुजत असतील तर ते डॉक्टरांना सांगा, हृदयाचं असू शकतं. तसं नसेल आणि नुसती भीती असेल, तर तीही डॉक्टरांना सांगायचीच गोष्ट आहे. या आजारात उदासी आणि धास्ती फार जणांना असते आणि तिच्यावर इलाज आहे. पुरुष हे बोलत नाहीत. तुम्ही बोला.

पुण्याला जा. झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस, दोन्ही ग्वाल्हेरवरून जातात. जानेवारीत धुक्यामुळे दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या उशिरा धावतात, तेव्हा गाडी कुठे आहे ते बघूनच घरातून निघा, थंड प्लॅटफॉर्मवर तासन्‌तास बसायला लागू नये. खालचा बर्थ घ्या. दोन्ही पंप, स्पेसर आणि महिन्याच्या कॅप्सुली खांद्याच्या पिशवीत, बर्थखालच्या बॅगेत नाही. रिपोर्टचा फोटो मुलाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. मुलाचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू असते का, ते आधी विचारा. जायला अजून दीड महिना हातात आहे, तेवढ्यात ते आपला जिना उतरून-चढून मोकळे झालेले असतील. स्टेशनच्या पुलावर सामान हमालाकडे द्या; ते म्हणतील, "मी घेतो की एक बॅग", त्यांना म्हणावं, तुम्ही फुंकर सांभाळा.